बाटलीवरची पट्टी

“आणि वर म्हणता, काही होत नाही! आरशात बघा जरा. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, अहो आई!”

“पांढऱ्या पडल्या म्हणजे साफ झाल्या.”

“साफ? त्या काय गणवेशाच्या कॉलरी आहेत साफ व्हायला?”

सून न्हाणीघराच्या दारात उभी होती, हातात ती तपकिरी बाटली. सासूबाई बेसिनपाशी तोंडाला टॉवेल लावून. मुलगा स्वयंपाकघरात चहा घेऊन असा बसला होता, की वाद शेजाऱ्यांच्या घरात चाललाय असं वाटावं.

“तू तरी सांग ना यांना,” सून आत बघत म्हणाली.

“आई माझं कधी ऐकते?”

“ऐकायला तू कधी बोलतोस?” सासूबाईंनी टॉवेल बाजूला करून सुनावलं, पण तेवढ्यानेही हिरडीतून कळ गेली आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. गेल्या वीस वर्षांत त्यांचं असं एकही वाक्य राहून गेलं नव्हतं. सुनेने ते बरोबर टिपलं. “चला, कपडे बदला. दातांच्या डॉक्टरीणबाई दहाला दवाखान्यात येतात.”

सासूबाईंना गल्लीत सगळे मास्तरीणबाई म्हणत. नवरा शिंप्याच्या दुकानातला मास्तर. तो कापायचा, या शिवायच्या. त्याला जाऊन चार वर्षं झाली, दुकान गेलं, मशीन घरात आलं, पण नाव काही बदललं नाही. शाळेचे पांढरे शर्ट ही त्यांची खासियत. पांढऱ्या कापडावर काम करणाऱ्या माणसाकडे हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली लागतेच. बोटाला सुई टोचली, कापडावर रक्ताचा ठिपका उमटला, की त्यावर एक थेंब टाकायचा. फस्स करून फेस येतो, गार पाण्यात धुतलं की डाग गायब.

मास्तरीणबाईंची दुसरी खासियत म्हणजे दोरा दाताने तोडणं. समोरच्या दाताला त्याने बारीक खाच पडली होती. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या दुकानाचा शिक्का आहे तो, दुसरीकडे मिळणार नाही.” आणि बायकोने दोरा तोंडाकडे नेला, की कापायच्या टेबलावरून मान वर न करता छोटी कात्री पुढे करायचे. दिवसातून पन्नास वेळा. त्यातली दहा वेळा त्या कात्री घ्यायच्या, चाळीस वेळा तोपर्यंत दोरा तुटलेला असायचा.

मग एकदा पांढऱ्या दोऱ्याचं टोक लाल आलं. “हिरड्या सुजल्यात तुझ्या,” मास्तर म्हणाले आणि औषधाच्या दुकानातून नवी बाटली घेऊन आले. दुकानदाराला माप विचारलं होतं. ते त्यांनी कॉलरच्या कॅनव्हासच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिलं आणि पट्टी बाटलीभोवती शिवून टाकली, शर्टाला कॉलर बसवावी तशी नीटस. ‘एक झाकण औषध, दोन झाकणं पाणी. तीस मोजणे. गिळू नये.’ ‘गिळू नये’च्या खाली दोन रेघा. दुकानदाराने ‘आठवडाभर करा, नाही थांबलं तर डॉक्टरला दाखवा’ असंही सांगितलं होतं. ते पट्टीवर मावलं नाही.

तीस ते स्वतः मोजायचे. दाराच्या चौकटीला टेकून, अगदी सावकाश. “एक... आता बोल! बोल की! दोन... काल भाजीत मीठ नव्हतं. तीन... तुझी बहीण भांडखोर आहे.” मास्तरीणबाईंच्या तोंडात चूळ, गाल फुगलेले, डोळे वटारलेले, आणि हसू आवरता आवरेना. जन्मभर बायकोपुढे ज्याची डाळ शिजली नाही, त्या माणसाची ही रोजची तीस आकड्यांची चंगळ. दोनदा आरशावर फवारा उडाला होता.

चार वर्षांत बाटलीतलं औषध कधीच संपलं. पट्टी मात्र होती. मग मास्तरीणबाई त्याच बाटलीत लाँड्रीवाल्याकडचं डाग काढायचं पेरॉक्साइड ओतून घेऊ लागल्या. नाव तेच, वासही तोच, फेस तर आणखी दणकून यायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली, पट्टी वाचली, औषध कुठून भरून घेता ते विचारलं. “माप ठीक आहे हो मावशी. पण ते औषधाच्या दुकानातल्या बाटलीचं. हे कितीतरी कडक आहे, पाणी घालूनसुद्धा भाजणारच. किती वेळ धरता तोंडात?”

“तीस.”

हे मात्र खोटं होतं. तीस झाले की त्या पुन्हा एकपासून सुरुवात करायच्या. कधी तीनदा, कधी चारदा. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले, नजर दाराच्या चौकटीकडे. चूळ टाकली की चौकट नुसती चौकट उरायची.

“हिरड्या भरून येतील, हे बंद करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साधी मिठाच्या कोमट पाण्याची चूळ, आणि दोन-तीनदा साफ करून घ्यायला या. पण हा पुढचा दात नाही राहायचा. मुळापासून हलतोय. ठेवलात तर शेजारच्यालाही घेऊन जाईल.”

खाचेचाच दात. “बघते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. सुनेला हा ‘बघते’ चांगला ओळखीचा होता; त्याचा अर्थ ‘नाही’.

घरी येऊन त्या मशीनला बसल्या. अर्धा झालेला शर्ट पुढे ओढला, बाही जोडली, दोरा बोटाला गुंडाळला आणि सवयीने तोंडाकडे नेला. दात हलला. त्या तशाच थांबल्या, दोरा ओठांशी धरून. टेबलाच्या बाजूला बघितलं. तिथे इस्त्री होती, सुनेची पर्स होती. कोणी काही पुढे केलं नाही.

दोरा त्यांनी न तोडता तसाच शर्टावर सोडला.

मग उठून कपाटातला पत्र्याचा डबा काढला. फडक्यात गुंडाळलेली छोटी कात्री चार वर्षं तशीच होती. दुसरी कुठली कात्री मशीनपाशी येऊ द्यायची नाही आणि हिला हात लावायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता. पहिला टाका त्यांनी बाटलीवरच्या पट्टीचा कापला. मग दुसरा. पट्टी सुटून आली, बाटलीच्या आकारात वाकलेली.

चहाच्या वेळी मुलगा आणि सून दोघंही घरात होती. मास्तरीणबाईंनी रिकामी बाटली ओट्यावर ठेवली.

“ही टाकून द्या. उद्या दहा वाजता मी दात काढायला जाणार आहे. आणि ती छोटी कात्री आजपासून मशीनवर राहील. कोणी तिने कागद कापायचा नाही.”