पावती नसलेला खर्च

लागोसमध्ये आमच्या कपड्यांच्या ब्रँडच्या फोटोशूटचा खर्च मोरेनिके आखते. तिच्या कागदावर पहिली ओळ कॅमेऱ्याची नसते, गल्लीतल्या गुंडांच्या म्होरक्याची असते. लंडनहून परतलेल्या मालकांनी, देजीसाहेबांनी, ती खोडली.

"याची पावती कुठाय?"

"नसते, साहेब. पण त्याला आधी दिलं नाही, तर रक्त निघतं."

ते हसले.

कापडबाजारात पहिला फोटो निघायच्या आत बाटल्या फुटल्या. गुंडांनी फोटोग्राफरचं कपाळ फोडलं, मॉडेलला केस धरून फरफटवलं, आठ झगे सुऱ्याने टराटरा फाडले. मी मेकअपची पेटी कवटाळून टेबलाखाली शिरले. साहेबांवर आलेला वार मोरेनिकेने दंडावर झेलला.

दवाखान्यात दंड शिवून घेताना ती दात आवळून म्हणाली, "डॉक्टर, टाके मोजून पावती द्या. आमच्या साहेबांना लागते."