मिरचीचं पांढरं मूळ

आज सकाळी ईशानच्या मिरचीच्या कुंडीखालच्या भोकातून एक पांढरंशुभ्र मूळ डोकावताना दिसलं, आणि चहा गार होईपर्यंत मी ते पाहत राहिले.

मुलांनो, सुट्टीत तुम्ही दोघं मिरचीचं एकेक रोप लावून गेलात. इराचं दणकट होतं, ईशानचं किरटं. म्हणून त्याला मी दर आठवड्याला युरिया घालत गेले. पानं गर्द हिरवी, मोठी झाली. मग चार दिवस मी बाहेरगावी गेले, कुंड्या पाण्यावाचून राहिल्या. परतले तर इराचं रोप ताठ उभं आणि ईशानच्या रोपाने मान टाकलेली.

बागेचं काम करणाऱ्या सखूबाईंनी ते कुंडीतून काढलं. मुळं जेमतेम मूठभर.

"आजी, बसल्या जागी ताट मिळालं, मग मूळ कशाला हिंडतंय?" त्या म्हणाल्या. "आता तुमचे लाड बंद." शेंडा छाटून त्यांनी रोप पुन्हा लावलं आणि युरियाचा डबा घेऊन गेल्या. त्याला तीन आठवडे झाले.

युरियातल्या नत्राशिवाय पान फुटत नाही, हे खरं. पण थोडी चणचण असली की मूळ शोधत खोल जातं, आणि पाणी नसेल त्या दिवशी तेच रोपाला तारतं.

ईशान, काल फोनवर तू म्हणालास, "आजी, मी केलेली खिचडी करपली, पण खाल्ली." मी कृती सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. "उद्या पाणी जास्त घालून बघतो," तूच म्हणालास. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते.