गोंदणाच्या कडेने

निजामाच्या फसली सालाचा बहमन महिना, म्हणजे ऐन थंडी, गुरुवारची सकाळ. हजर माणसं: माझी आत्या, तिचे यजमान, डॉक्टर, कंपाउंडर आणि मी. आम्ही घरचे तिघं लिंबागणेशाहून बैलगाडीने बीडच्या सरकारी दवाखान्यात आलो होतो. घोंगडं, तांब्या, दशम्या, जुन्या धोतराच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या. सामान मी निघतानाच तपासून घेतलं होतं.

आत्याचा उजवा हात भाकरी थापताना मोडला होता. ना पडली, ना धडपडली. हाड आतून सुजवून पोकळ करणारा आजार. डॉक्टरांनी साऱ्या नोकरीत तो एकदाच पाहिलेला. गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या, पण हाड सांधेना. आता हात उघडायचा, खराब भाग खरवडायचा आणि टोकं चांदीच्या तारेने बांधायची. तेही साधलं नाही तर हात कोपरापासून काढायचा.

आत्या मेजावर निजली. क्लोरोफॉर्म हुंगायलाही तयार. डॉक्टरांनी मनगटाच्या वर शाईची रेघ ओढली आणि ती ताडकन उठून बसली.

"हितून कावून कापता? माझं तुळशीवृंदावन हाय तिथं!"

लहानपणी तिच्या आईने हातावर गोंदवून घेतलेलं. मेल्यावर सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आमच्याकडच्या बायका धरून चालतात.

"बाई, आम्ही तुमचा हात वाचवतोय," डॉक्टर म्हणाले.

"वाचवा की. पर वर गेल्यावर अर्धी तुळस दावू व्हय?"

यजमान वैतागले. "अगं, हातच गेला तर तुळस कुठं ऱ्हाईल?"

"तुमी गप बसा. तुमच्या अंगावर तर देवानं तीळ बी दिला न्हाई."

कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात उलटसुलट करून चाचपला, रेघ पुसली आणि करंगळीच्या बाजूने नवी ओढली.

"इकडून मेहनत जास्त आहे, वेळही लागेल. मंजूर?"

"मंजूर," म्हणून आत्या पुन्हा आडवी झाली. बाहेर ओसरीवर यजमानांनी एवढा तंबाखू खाल्ला की शेवटी चंची मी काढून घेतली.

हाड जुळलं. पाडव्याला आत्याने स्वतः भाकरी थापली, जरा वाकडी, पण तिचीच. हाड जुळल्यावर तार काढून घ्यायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिच्याकडे गेलो की आठवण करून देतो.

"अंगात चांदी घालून फिरणारी पंचक्रोशीत मी एकलीच हाय. काढून काय तुझ्या बायकूला जोडवी करू?"

गाडी सांगून ठेवली आहे, पट्ट्या धुऊन ठेवल्या आहेत. तार काढायची राहिली आहे.