धवल्याचे तीन तुकडे

सुदेश तोडणकरच्या टापटिपीची ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये थट्टा व्हायची. एका बंद कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचा एडिटिंगचा गाळा. तिथे चपलासुद्धा ओळीत काढाव्या लागत. लग्नाच्या कॅसेटी जोडण्यापासून त्याने सुरुवात केली होती. आता सिनेमा कॅमेऱ्यावर घेतलेल्या जाहिराती त्याच्याकडे येत, आणि बावीस वर्षांत कुणाची एक फ्रेम हरवली नव्हती. हे तो स्वतःच सांगायचा, आणि न विचारता सांगायचा. शहाडच्या घरी बायको विनिता म्हणायची, "नीट ठेवलेलं पण तू परत नीट ठेवतोस. एक दिवस हेच नडेल तुला." तो हसण्यावारी न्यायचा.

एप्रिलमध्ये जागृती त्याच्याकडे आली. डोंबिवलीच्या आयरे गावातली आगऱ्यांची मुलगी, शाळेत शिकवणारी. तिची आजी कमळाबाई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन एकेक विधी पार पाडणारी. भटजी असो नसो, धवलारणीशिवाय त्या घरांत हळद लागत नसे. उभं आयुष्य मिठागरावर राबलेली बाई, अक्षराची ओळख नाही, पण सगळे धवले तोंडपाठ. गावात ते पूर्ण येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आता मात्र तिला श्वास पुरत नव्हता.

"माझं लग्न डिसेंबरात आहे," जागृती म्हणाली. "डॉक्टर बोलले, तोवरचं काही सांगता येत नाही. हळदीला तिचाच आवाज पाहिजे मला. ती असली तर समोर, नसली तर पडद्यावर."

सुदेशने ओळखीपाळखीने चांगला कॅमेरा भाड्याने मिळवला आणि स्वतः शूटिंगला गेला. कमळाबाई ओट्यावर बसून दिवसभर गायली. मध्येच दम लागला की डोळे मिटून थांबायची. पण ओळ कधी सोडली नाही. शेवटचा धवला सगळ्यात लांब, वीस मिनिटांचा. तो झाल्यावर तिने सुदेशला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

आता या कॅमेऱ्याची एक खोड आहे. शॉट लांबला की तो एकच फाइल करत नाही. तुकडे करतो आणि सगळे एका फोल्डरमध्ये ठेवतो. आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर फाजील शहाणं. पहिला तुकडा उघडा नाहीतर तिसरा, ते शेजारचे तुकडे बघून घेतं आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग दाखवतं. सुदेशला हे कधी कळायची वेळच आली नव्हती. जाहिरातीत अर्ध्या मिनिटाच्या वर शॉट कोण घेतो?

दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या लग्नाचं काम आलं आणि डिस्कवर जागा पुरेना. सुदेशने धवल्यांचे फोल्डर उघडले. एकेका लांब गाण्याच्या तीन-तीन फाइली. पहिली लावली, अख्खं गाणं. दुसरी लावली, तेच गाणं. तिसरी, तेच. त्याने ठरवलं की कॅमेऱ्याने उगाच तीन प्रती काढल्यात. घाईही केली नाही बिचाऱ्याने. शेवटपर्यंत लावून प्रत्येक तपासली, आणि मग दोन-दोन पुसून टाकल्या. शूटिंग नेहमी दोन डिस्कवर ठेवावं हा धंद्यातला नियम त्याने पाळला होता. साफसफाईही दोन्हींवर केली. कॅमेऱ्याचं कार्ड तर केव्हाच रिकामं करून परत गेलं होतं. मोकळ्या जागेत ते लग्न भरलं.

दोन दिवसांनी तो धवले जोडायला बसला. शेवटचा धवला सातव्या मिनिटाला, शब्दाच्या मध्येच तुटला. दुसरा लावला, तोही तुटला. छोटी गाणी तेवढी धड होती. त्या तीन प्रती नव्हत्या, एकाच गाण्याचे तीन तुकडे होते, हे तेव्हा सुदेशच्या लक्षात आलं. पुसलेल्या फाइली काढून देणारा एक ओळखीचा माणूस जवळच खोपट भागात होता, त्याच्याकडे डिस्क घेऊन धावला. त्याने बघून मान हलवली. वर दुसरं काही भरलं नसतं तर जमलं असतं, म्हणाला.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. विनिताने तर नंबर लावून मोबाइल पुढे धरला. "चुकलं म्हणून सांग. म्हातारी आहे अजून, परत गाईल." पण बावीस वर्षांची शेखी आडवी आली. जागृतीने विचारलं की तो म्हणायचा, आवाज साफ करतोय. पुढे म्हणायचा, रंग बसवतोय. आजचं मरण उद्यावर ढकलत मे गेला, अर्धा जून गेला, आणि एका सकाळी जागृतीचाच मेसेज आला, आजी गेली म्हणून.

कार्य उरकल्यावर तो आयरे गावात गेला. त्याच ओट्यावर बसून त्याने जागृतीला सगळं सांगितलं, तारखांसकट.

"आजी रोज दुपारी इथेच बसायची," ती म्हणाली. "मला बोलायची, 'काय रायलं असंल त त्याला सांग, मी परत गाईन.' मीच तिला बोलायची, अगं, सगळं नीट झालंय."

सुदेशला मान वर करवेना. लाज वाटत होती, आणि आता त्या लाजेचा कुणाला काही उपयोग नव्हता.

"शेवटच्या धवल्यात नवरीचं नाव घेतात," जागृती म्हणाली. "मी तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभी होती, रिक्षा अडवत. हॉर्न येऊ नये म्हणून. म्हटलं, आपण काय, नंतर ऐकू. माझं नाव घेतलेलं का तिने?"

"घेतलेलं. दोनदा."

"मग पुढे काय बोलली?"

शूटिंगला एकदा आणि गाळ्यात तीनदा, असं चार वेळा ते त्याच्या कानावरून गेलं होतं. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. नाव आलं, त्यापुढे काही येईना.

"नाही आठवत," तो म्हणाला. "मी ऐकत नव्हतो. तिन्ही सारखे आहेत का, तेवढंच बघत होतो."

अजून एखादा शब्द आठवेल म्हणून जागृती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.