नावगावबाईची दुपार

वॉर्डातल्या सिस्टरला सगळे मागून ‘नावगावबाई’ म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत नाव विचारल्याशिवाय तिनं कुणाला साधी गोळीसुद्धा दिली नव्हती. नवऱ्याला टाके घालायची वेळ आली तेव्हा त्यालाही म्हणाली, "पूर्ण नाव सांगा." तो ओरडला, "अगं, लग्नाला वीस वर्षं झाली!" तरी सांगायला लावलंच.

अशी ही खमकी बाई त्या दुपारी मात्र पार घाबरून गेली होती.

सकाळी दोन मठांच्या प्रमुखांची गाडी उलटली होती. दोघंही ऐंशीच्या घरातले, दोघांचीही डोकी गुळगुळीत. कागदांवर आणि मनगटाच्या पट्टीवर शिष्यांनी हट्टानं एकच शब्द लिहून घेतलेला: आचार्यश्री. रक्ताची पहिली पिशवी आली ती मात्र रक्तपेढीत जमा असलेल्या ओळखपत्रावरच्या जुन्या नावानं. पिशवी एक, खाटा दोन. चुकीचं रक्त चढलं तर माणूस हातचा जातो, हे तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

"यांचं नाव काय?" तिनं डावीकडच्या खाटेपाशी उभ्या शिष्याला विचारलं.

"आचार्यश्री."

"ते झालं हो. आईवडिलांनी ठेवलेलं?"

शिष्य लालबुंद झाला. "ते दीक्षेच्या दिवशीच सुटलं. उच्चारायचं नसतं, आम्हालाही माहीत नाही. आचार्य म्हणजे काय, कळतं का? जो आधी स्वतः वागून दाखवतो आणि मग शिकवतो, तो. मठातल्या सगळ्यांत ज्येष्ठालाच हा मान. त्यांना तुम्ही नाव विचारता?"

"सिस्टर, डावीकडचेच ते! नाडी बुडत चाललीय, लावा लवकर," दारातून डॉक्टर ओरडले. मठाचे विश्वस्त म्हणाले, "उद्या तुमची नोकरी राहते का, बघतोच."

तिनं पिशवीवरचं नाव पुन्हा वाचलं. पिशवी यांचीच असली तर? आपल्या हट्टापायी म्हातारा जाईल. नसली तर आपल्याच हातून जाईल. देवा रे, कुणीकडून सुटका नाही! तिनं पिशवी ट्रेमध्ये ठेवली आणि खाली वाकली.

"आजोबा, मला फार भीती वाटतेय हो. लहानपणीचं नाव सांगा. त्याशिवाय मी नाही लावणार."

त्यांनी डोळे उघडले. शिष्याकडे पाहिलं. मग माळ्यावरचं जुनं भांडं जपून खाली काढावं तसं हळूच एक साधं नाव सांगितलं.

पिशवीवर ते नाव नव्हतं.

ती तशीच वळली. उजवीकडच्यांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, लगेच सांगितलं. जुळलं. पिशवी तिथं लागली.

डावीकडच्यांची यायला आणखी दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ ती त्यांचं मनगट धरून बसली, नाडी मोजत, मनातल्या मनात रडत.

पिशवी आली. तिनं चिठ्ठी वाचली आणि नियमाप्रमाणे पुन्हा विचारायला तोंड उघडलं. त्याआधीच आचार्यश्रींनी आपलं नाव सांगितलं, खोलीतल्या प्रत्येक शिष्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.