पूर्ण नाव टाइप करा

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही. तुमाले सांगतो, पण तुमी मनात म्हणान — हा अजून काहीतरी लपवून राहिला. म्हणा.

अमरावतीत आमचं लहानसं ऑफिस. वरूडच्या एका संत्रा पॅकिंगवाल्याचं काम आमच्याकडं — कोण्या शेतकऱ्याचा माल कोणत्या दिवशी घ्यायचा, ती सारी नोंदणी. लॉगिन सगळ्यायचं मिळून एकच. कोणी काय केलं, हे नावानिशी कुठंच दिसत नसे.

डेटाबेस पुसायची कमांड दिली की काळ्या खिडकीत प्रश्न येई — नक्की पुसायचं? मग त्या डेटाबेसचं पूर्ण नाव टाइप करा. चाचणीचा डेटाबेस रोजच पुसा लागे. मले कंटाळा आला. मी तो प्रश्नच काढून टाकला. कोणाले विचारलं? कोणालेच नाही.

मग ऐन बहारात ती कमांड मी खऱ्या सर्व्हरवर दिली. चाचणीची खिडकी अन् खरी खिडकी, दिसायले दोन्ही सारख्याच. थांबवणारा प्रश्न मीच काढला होता. सारी नोंदणी पुसली गेली. वरूडात ट्रॅक्टर उभे, अन् नंबर कोणाचा हेच कोणाले माहीत नाही. बॅकअप जुना. लोकायची संत्री नासली.

सरांनी मले आत बोलावलं. "कोणं केलं हे?"

इरफान बडनेऱ्याचा. माह्या बाजूले बसे, डबा आमी एकत्रच खाऊ. आदल्या दिवशी बहिणीच्या लग्नाच्या सुटीवरून त्याचं सरांशी वाजलं होतं. मी खाली पाहून म्हणलो, "मले माहीत नाही सर. पण इरफान काल लय गरम होता."

एवढंच. यात खोटं काय? — असं मी मले कितीदा विचारलं. पण सरांची नजर काचेतून त्याच्याकडं वळली, अन् मले बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

त्याले काढलं. आता तो अकोल्यात मोबाइल दुरुस्त करते. तो प्रश्न मी गुपचूप परत बसवला. नवीन आलेले कुरकुरतात, काहून पूर्ण नाव लिहा लागते? मी म्हणतो, सेफ्टी.

परवा अकोल्याच्या बसस्टँडवर इरफान भेटला. त्यानंच चहा पाजला. म्हणाला, "सगळ्यायनं माह्यावर शक केला रे. तू एकटा सोडून." अन् माह्याकडं पाहत राहिला. जरा जास्तच वेळ.

त्याले माहीत असन काय? मले वाटते, आहे. मी बोलन म्हणून वाट पाहून राहिला होता.

मी म्हणलो, "सोड ना यार, जुनं झालं."

त्यानं अजून थोडं थांबून पाहिलं. मग चहाचे पैसे द्यायले उठला.