मावशींचा डावा गाल

"हात चालव की गं, मास्तरीणबाई!" शेजारच्या मावशी बसल्या बसल्या माझ्यावर डाफरायच्या. बोलता बोलता त्यांची विडी वळून व्हायची. माझा ब्रश मात्र हवेतच थांबलेला असायचा.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि भांडण निघालं की दोन्ही. मी शाळेत शिकवते. तेव्हा रविवारी एका चित्रकार सरांकडे तैलरंगात व्यक्तिचित्र शिकत होते, तेही फक्त फोटोवरून.

एकदा मावशी दारात येऊन म्हणाल्या, "जबड्यात गाठ हाय. डॉक्टर डावी बाजू काढणार म्हनं. त्याच्या आधी माजं तोंड काढून ठेव."

"मावशी, मला अजून नीट येत नाही."

"मग शीक की. पुढच्या सोमवारी ॲडमिट व्हायचंय."

तुम्हीच सांगा, आठवड्यात चेहरा होतो का? सर म्हणायचे, आधी सावल्या, मग उजेड, ओठ सगळ्यात शेवटी. त्यात तैलरंग लवकर वाळत नाहीत. मी डावा गाल रंगवायची, पुसायची, पुन्हा रंगवायची. गाल नीट बघायचा तर सूज दिसायची, आणि माझी नजर पदराच्या काठाकडे पळायची.

"हिकडं बघ," मावशी दटावायच्या. "मी भीत न्हाय, तू कशाला भितीस?" पण मांडीवर त्यांनी एका हातानं दुसरा घट्ट धरलेला असायचा.

सोमवार उजाडला. रिक्षा दारात, त्यांचा मुलगा हाका मारतोय, आणि चित्रात ओठच नाहीत. मावशी येऊन खुर्चीत बसल्या.

"थांबंल त्यो. काढ."

ओठ थरथरत होते. मी तसेच काढले.

ऑपरेशन पार पडलं. घरी आल्या तेव्हा चेहरा एका बाजूला ओढलेला होता, बोलणं कळत नव्हतं. माझ्याकडे येऊन त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. आता रडतील म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी खुर्ची उजेडात ओढली, बसल्या, कापलेली बाजू माझ्याकडे केली आणि बोटानं ब्रश दाखवला.

त्या दुसऱ्या चित्राला अख्खा उन्हाळा लागला.

पुढच्या वर्षी गाठ परत आली आणि मावशी गेल्या. मुलानं पहिलं चित्र नेऊन त्याला हार घातला. दुसरं कुणी मागितलं नाही. ते माझ्या खोलीत, खिडकीसमोर आहे. सकाळी शाळेला निघते तेव्हा त्यावर ऊन आलेलं असतं.